श्वासाची जागा

"फेफड़ों में फफूंद लग गई है, काका," असं डॉक्टर वैदेही म्हणाली आणि बिंदुमाधवला चक्क हसू आलं. तोंडावर मास्क होता म्हणून बरं. आयसीयूचं दार तिने पायाने अडवून धरलं होतं, आतली थंड हवा त्याच्या घोट्यांना लागत होती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती स्वयंपाकघरातल्या फळीवरची लिंबाच्या लोणच्याची बरणी. एका पावसाळ्यात तिच्यावर पांढरी लव आली होती. आपण म्हणालो, टाकून दे. बायको, आनंदी, म्हणाली, "टाकायला काय, माणसं थोडीच आहेत? वरचं काढायचं, खालचं उन्हात ठेवायचं." डावाने तिने ते वरचं अलगद काढलं, बरणीचा गळा पुसला, आणि दिवसभर गच्चीवर माकडांपासून राखण करत बसली. हातात काठी, मांडीवर कीर्तनातल्या आख्यानाची वही. "मराठीत काय म्हणतात त्याला," वैदेही आठवत होती, "घरी आई म्हणायची..." "बुरशी," तो म्हणाला. "हां, बुरशी. फ्लू उतरत आला होता ना, मग ताप परत चढला, ऑक्सिजन परत वाढवावा लागला, नळीतून थोडं रक्त आलं. सीटीत डाग दिसतायत. पण पक्कं नाही सांगू शकत. दुर्बीण आत घालून फुप्फुसातलं पाणी काढायचं आणि तपासायचं. काकूंची तबियत नाजूक आहे, जोखीम आहे. नाही केलं तर आपण अंधारात औषध देत बसणार. तुमची संमती लागेल." त्याचं हसू केव्हाच ओसरलं होतं. वरचं काढायचं आणि उन्हात ठेवायचं, एवढंच जर असतं. बरगड्यांच्या आतली बरणी कोण कुठल्या गच्चीवर नेऊन ठेवणार?

"पण आली कुठून?" त्याने विचारलं. काशीतलं, ब्रह्माघाटाच्या गल्लीतलं घर, मागची भिंत भाद्रपदात पाझरते, तिथेच बाजाची पेटी ठेवलेली असते. कोनाड्यात चार-चार दिवसांचं निर्माल्य साठलेलं असतं, कारण ते गंगेत सोडायचं नाही असं आनंदीनेच ठरवलं होतं आणि कुंडीत घालायला तो विसरत असे. एकेक वस्तू त्याच्या मनात संशयित म्हणून उभी राहू लागली. वैदेहीने मान हलवली. "हवेतून, काका. तुमच्या छातीत जाते, माझ्या जाते, रोज, प्रत्येक श्वासाला. आपलं शरीर झाडून टाकतं. काकूंचं आतलं अस्तर फ्लूने सोलून काढलंय. त्यावर सूज उतरायला आम्ही स्टेरॉइड दिलं, ते पण जरूरी होतं, पण त्याने पहारेकरी सुस्त होतात. मग बीज रुजलं. तुमच्या भिंतीला नका दोष देऊ." तो भिंतीबद्दल बोललाच नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं, ही धर्माधिकाऱ्यांची वैदेही, लहानपणी याच घरात प्रसादाच्या खिरीसाठी सर्वांत पुढे बसायची आणि आख्यान सुरू झालं की त्याच भिंतीला टेकून झोपायची. तिला भिंत ठाऊक होती.

प्रत्येक श्वासाला. हे शब्द त्याच्या कानात राहून गेले, कारण ते आनंदीचे होते. कीर्तनाच्या पूर्वरंगात ती नेहमी म्हणे की नाम काही आणायला जावं लागत नाही, ते हवेत आहे, प्रत्येक श्वासाला आत येतं, आपण दार लावून घेतो म्हणून परत जातं. आता तेच वाक्य उलटं होऊन समोर आलं होतं. हवेत आहे, आत येतं, आणि दार उघडं सापडलं तर घर खातं. मग हेही देवाचंच का? मधुरा, त्याची मुलगी, इंदूरहून आली होती आणि बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बुरशीबद्दल वाचत होती. तिच्या शेजारी बसून तो हा प्रश्न मनात फिरवत राहिला आणि आनंदी असती तर काय म्हणाली असती ते त्याला अगदी तिच्या आवाजात ऐकू आलं, झांजेचा एक हलका टोला देऊन, श्रोत्यांतल्या एखाद्या झोपाळूकडे बघत: "मासा झाला, कासव झालं, डुक्कर झालं. बुरशी व्हायचा राहिला होता, तेवढा मान माझ्या छातीला दिला हो माधवाने!" लोक हसले असते. तोही हसला असता. आणि मग ती गंभीर होऊन म्हणाली असती... काय म्हणाली असती? तिथे त्याला काही ऐकू येईना. झील धरणाऱ्याला पुढचं वाक्य माहीत नसतं. त्याला फक्त एवढं माहीत असतं की आता श्वास संपत आला आहे.

कीर्तनकार पुढे उभा असतो, बुक्का त्याला लागतो, हार त्याच्या गळ्यात पडतो. त्याच्या मागे, जरा डावीकडे, पेटीच्या बाजूला एक माणूस उभा असतो. कीर्तनकाराने पदाची ओळ अर्धी सोडली की ती उचलायची, घोळवायची, पुन्हा त्याच्या हातात द्यायची, म्हणजे तेवढ्यात त्याचा दम परत येतो आणि श्रोत्यांना वाटतं की गाणं कधी थांबलंच नाही. याला झील धरणं म्हणतात. बिंदुमाधवने बँकेत नोकरी करून जन्मभर हेच केलं. लग्न ठरलं तेव्हा बायको कीर्तन करते हे ऐकून त्याच्या आत्याने नाक मुरडलं होतं: "मग हा काय करणार, मागे उभा राहणार?" तो खरोखरच मागे उभा राहिला. सुरुवातीला चुकायचा, फार लवकर उचलायचा, आणि आनंदी घरी येऊन म्हणायची, "अहो, माझ्या तोंडातला घास काढून घेता तुम्ही." मग हळूहळू त्याला तिची पाठ वाचता यायला लागली. खांदा किंचित वर गेला की दोन मात्रा शिल्लक. पदराचं टोक चिमटीत धरलं की आता लगेच. काशीतल्या रेवडी तालाबापासून अयोध्येपर्यंत जिथे जिथे तिची कीर्तनं झाली तिथे त्याने तिचा चेहरा क्वचितच पाहिला, पण तिच्या श्वासाचा नकाशा त्याच्याइतका कोणाला पाठ नव्हता.

संध्याकाळी सुमंतचा नागपूरहून फोन आला. आनंदीचा धाकटा भाऊ, मनाने चांगला, पण सांत्वन करायला बसला की समोरच्याला रडवल्याशिवाय उठायचा नाही. "भावजी, माझं ऐका. दुर्बीण-बिर्बीण कशाला? किती टोचायचं तिला? अहो, लोक शेवटचे दिवस काढायला मुद्दाम काशीला येतात. ती तर तिथेच आहे. काशीलाभ म्हणतात याला. पुण्यवान आहे माझी ताई." बिंदुमाधवला मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर आठवला. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवरून तो रोज दिसायचा, इतका रोज की दिसेनासा झाला होता. जन्मभर त्या धुराला नमस्कार केला. ते मरण वाईट नव्हे हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं. आणि तरीही या क्षणी त्याला असा काही राग आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "सुमंत," तो म्हणाला, "तुझ्या ताईने रामाच्या नावाड्याचं, केवटाचं आख्यान लावलं होतं, ऐकलंयस ना? त्यात काय म्हणायची ती? गंगेपलीकडच्या रेतीवर मेलं तर गाढवाचा जन्म, अलीकडे घाटावर मेलं तर मोक्ष. मधल्या मध्ये जगायचं कुठे, ते मात्र कोणी सांगत नाही." मग सुमंत नाक ओढून हसला. "ताईच ती," तो म्हणाला, आणि दोघंही फोन कानाला धरून रडले. मधुराने येऊन पाठीवर हात ठेवला. "बाबा, आप बैठिए ना. बसा तुम्ही. सही तुम्ही करणार की मी करू?" त्याने सही केली. अक्षर बँकेतल्यासारखं, ठसठशीत.

तपासणीत बुरशीच निघाली. वैदेहीने सांगितलं तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं की आपल्याला बरं वाटतंय. शत्रूला नाव मिळालं होतं. औषध सुरू झालं. मग ती कागदावर काही टिपत सहज म्हणाली, "काकूंना धाप कधीपासून लागत होती? फ्लूच्या आधी, सुरुवातीला?" "धाप नव्हती," तो लगेच म्हणाला. "गणेशोत्सवात कीर्तन केलं ना तिने. थोडी कणकण होती, पण अख्खं आख्यान उभ्याने केलं. तू होतीस की." "होते ना. काकू एकदम मस्त गायल्या. मला तर काहीच जाणवलं नाही," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली. तो मात्र तिथेच उभा राहिला. त्या कीर्तनातली आनंदीची पाठ त्याच्या समोर आली, अंजिरी शालू, घामाने खांद्याला चिकटलेला. खांदा वर जात होता. एकदा नव्हे, दर ओळीला. पदराचं टोक चिमटीतून सुटतच नव्हतं. आणि आपण उचलत होतो, ओळ अर्धी होण्याआधी, मग पाव झाल्यावर, मग पहिल्याच शब्दाला. किती सुरेख उचलत होतो! मंडळातले लोक उठताना म्हणाले, आज झील काय रंगली हो बिंदूकाका. तिचा श्वास फाटत होता आणि आपण त्यावर जरीचं ठिगळ लावत होतो, इतकं बेमालूम की श्रोत्यांत बसलेल्या डॉक्टरलाही दिसू नये. इतकं की तिला स्वतःलाही कळू नये. घरी आल्यावर ती म्हणाली होती, "आज काही त्रासच झाला नाही बाई, नुसती तरंगत होते." तरंगत होती. आपण उचलून धरलं होतं म्हणून. त्या वेळी आपण गप्प राहिलो असतो, एकदाच, तर ओळ तुटली असती, लोक चपापले असते, कोणीतरी म्हणालं असतं, आनंदीताई, बसा जरा. आणि वैदेही खिरीची वाटी ठेवून उठली असती.

पहाटेच्या स्नानाला तो दुसऱ्या दिवशी गेला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं, पुराने आणलेला गाळ पायऱ्यांवर होता आणि माणसं पाइप लावून तो धुऊन काढत होती. ओल्या मातीचा वास आला. त्यातही त्या असणार, बुरशीच्या त्या बिया. त्याने नाक दाबलं नाही. पाण्यात उभं राहून त्याने काही मागितलं नाही, मागायला शब्दच सुचेनात. नुसतं मनात देवाला म्हणाला, माझी झील तू तरी लवकर उचलू नकोस. असं का म्हणालो ते त्याचं त्यालाच नीट कळलं नाही. डोकं पुसताना मात्र छातीतलं काहीतरी हललं होतं, बसलेला गाळ हलावा तसं.

दिवस एकसारखे होते. बुरशी उतरते ती चढल्यापेक्षा फार सावकाश. ताप एकदा खाली यायचा, पुन्हा डोकं वर काढायचा. गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि तोंड मोकळं झालं, ओठ दिसले. बिंदुमाधवला भेटीच्या वेळेत तिच्या डोक्याशी उभं राहू देत. जागा आपोआप तीच झाली: जरा मागे, जरा डावीकडे. व्हेंटिलेटर तिला श्वास देत होता, एकसुरी, सम नसलेल्या तालासारखा, आणि बिंदुमाधवला त्या यंत्राचा प्रथम हेवा वाटला, मग ओळख पटली. हेही झीलकरीच. एकदा त्याने वैदेहीला तसं सांगितलं. ती हसली, मग तिला ते पटलं असावं, कारण ती थांबून बोलली. "बिलकुल. पण काका, चांगला झीलकरी असला की छातीच्या स्नायूंना सवय लागते. ते कामच सोडून देतात. म्हणून आता आम्ही रोज थोडा वेळ मशीनला गप्प बसवणार. काकूंना त्रास होईल, घाम येईल, तुम्हाला बघवणार नाही. लगेच मदत नाही द्यायची. द्यायची वेळ आली की द्यायचीच, पण त्याआधी नाही. यही असली काम है." आनंदी त्याला हेच तर सांगत असे, ऐन उमेदीत, तो बँकेतून दमून आल्यावर: घास काढून घेऊ नका.

ती जागी झाली ती भलतीकडेच बघत. छताकडे बोट करायची आणि डोळे विस्फारायचे. मधुरा घाबरली. सिस्टर म्हणाली, "अम्मा जी को रोशनी दिखती है, दवा का असर है, परेशान मत होइए." बुरशीवरच्या त्या औषधाने काहींना रंग दिसतात, प्रकाश दिसतो, असं वैदेहीनेही सांगितलं. बिंदुमाधवने आनंदीच्या कानाशी वाकून विचारलं, "अगं, काय दिसतंय?" तिने हवेत बोटाने उभी रेघ ओढली, तिच्या टोकाशी एक गोल काढला, आणि गोल हलका हलवला. त्याला लगेच कळलं. पंचगंगा घाटावर कार्तिकात उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या टोपल्या चढवतात, त्यांत दिवा असतो. आकाशदिवे. पूर्वज परतीच्या वाटेने जाताना त्यांना उजेड व्हावा म्हणून. क्षणभर तो गारठला. पूर्वजांची वाट तिला कशाला दिसावी? पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती बोटाने दिवे मोजत होती आणि मध्येच एकाकडे बघून तिने कपाळाला आठी घातली, वातीत तेल कमी पडलंय असं बघून घालायची अगदी तशी. तो बाहेर आला आणि मधुराला म्हणाला, "तुझी आई कुठे चालली नाहीये. ती दिव्यांत खोट काढतेय."

कार्तिक खरोखरच लागला तेव्हा यंत्र दिवसा बंद राहू लागलं होतं. सीटीतले डाग आक्रसले होते, गेले नव्हते; औषध महिनोन् महिने चालणार होतं आणि उजव्या बाजूला एक खळगा कायमचा राहील असं वैदेहीने सांगितलं. "गाता येईल?" त्याने विचारलं नव्हतं, मधुराने विचारलं. वैदेहीने खोटं सांगितलं नाही. "आधी बोलू दे. कीर्तनकार आहेत, बोलणं तरी कसं थांबवणार आपण?" मग एका सकाळी तिने गळ्याच्या नळीवर एक लहानशी झडप बसवली. हवा नळीतून आत जाईल, पण बाहेर पडताना वर, आवाजाच्या पडद्यांतून जाईल. "काकू, आता बोलता येईल. काहीही बोला." आनंदीने ओठ उघडले. काही आलं नाही. तिने मधुराकडे पाहिलं, मग वैदेहीकडे, आणि डोळ्यांत पाणी भरलं. मान हलवली. नाही. "घाई नका करू," वैदेही म्हणाली, पण तिचा हात झडप काढायला पुढे सरकलाच होता. "नाही जमत तर उद्या बघू."

तेव्हा बिंदुमाधवने, पलंगाच्या मागे, जरा डावीकडे उभं राहून, ओळ धरली. केवटाच्या आख्यानात केवटाची म्हातारी आई मुलाला सांगते, राम इथेच उभा आहे, मग मला पलीकडे कशाला नेतोस. त्यासाठी आनंदीनेच रचलेलं पद. जन्मात पहिल्यांदा तो पुढून सुरुवात करत होता. "नेऊ नको पैलाड, नावाड्या रे..." आणि इथे तो थांबला. पुढचे शब्द, ऐलाडचि माझा हरी, त्याच्या जिभेवर आले होते. इतक्या वर्षांत या जागेवर त्याने कधी रिकामं सोडलं नव्हतं. समोर तिचा खांदा वर गेला. किंचित, मग जास्त. चादरीचं टोक तिने चिमटीत धरलं. आता लगेच, असं त्याच्या सगळ्या अंगाने त्याला सांगितलं, आता नाही उचललंस तर तुटेल. त्याने दातांनी जीभ धरली. कुठेतरी मॉनिटर टिकटिकत होता. मधुराने त्याच्याकडे वळून पाहिलं, अशी की बाबा, म्हणा ना. वैदेहीचा हात हवेत तसाच होता. तो गप्प राहिला. खांदा थरथरला, थांबला, आणि खाली आला, स्वतःहून, आणि त्याने पाहिलं की तिच्या बरगड्या फुगल्या आहेत, खळग्यासकट.

"पट्टी," ती म्हणाली. आवाज कसला, भांड्याच्या तळाशी करपलेली खरवड. तिने डोळे मिटले, पुन्हा श्वास घेतला, पुरा, आपला आपण. "पट्टी वर लागली तुमची."

वैदेही आधी हसली आणि मग मास्क वर करून डोळे पुसू लागली. सिस्टरला मराठी कळत नव्हतं. ती विचारत होती, अम्मा जी ने क्या कहा, क्या कहा? मधुरा तिला सांगायचा प्रयत्न करत होती आणि तिला शब्द फुटत नव्हते. बिंदुमाधवने हात जोडले, कोणाला ते त्याला ठाऊक होतं. "हो," तो म्हणाला, "वर लागली खरी." त्याने घसा साफ केला, सूर तीन पडद्यांनी खाली आणला, जिथे ती आता पोचू शकेल असं त्याला वाटलं तिथे, आणि पहिल्यापासून ओळ धरली. नावाड्या रे, इथवर आला. पुढची जागा त्याने रिकामी सोडली.